स्ट्रायकरच्या मागे तिघे, त्या तिघांच्या मागे दोघे

‘ईए स्पोर्ट्स एफसी’ हा फुटबॉलचा व्हिडिओ गेम खेळणाऱ्या बहुतेकांनी हा प्रयोग एकदा तरी केलेला असतो. हाताशी दोन-तीन भारी प्लेमेकर, म्हणजे हल्ला रचणारे खेळाडू, आलेले असतात, त्यांतल्या एकालाही बाकावर बसवायचं जिवावर येतं, आणि फॉर्मेशनच्या, म्हणजे मैदानावरच्या मांडणीच्या, यादीत ‘४-२-३-१ नॅरो’ सापडतं. तिघेही एका ओळीत, स्ट्रायकरच्या, म्हणजे सर्वांत पुढे राहून गोल करणाऱ्याच्या, पाठीशी. संघ कागदावर देखणा दिसतो. मॅच सुरू होते, चेंडू सगळा वेळ आपल्याकडेच असतो, पासवर पास होतात, आणि शेवटची शिट्टी वाजते तेव्हा स्कोअर असतो ०-२. दोन्ही गोल एकाच साच्यातले: मधोमध एक पास तुटला, समोरच्याने लांब चेंडू टाकला, आणि आपले सेंटरबॅक, म्हणजे मधले डिफेंडर, त्यांच्या वेगवान फॉरवर्डच्या मागे धावत राहिले.

मी हे फॉर्मेशन बरीच वर्षं खेळतोय, माझा मावसभाऊ त्याच्या गावाहून आणि मी माझ्या घरून, रात्री जेवणं झाली की. आमची चर्चा बहुतेक पुढच्या तिघांवरच व्हायची. कुणाचा पास चांगला, कुणाचं ड्रिबलिंग चांगलं. या फॉर्मेशनचा जीव पुढच्या तिघांत दिसतो, पण तो असतो त्यांच्या मागच्या दोघांत, हे लक्षात यायला आम्हाला फार वेळ लागला. तो वेळ तुमचा वाचावा म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आकडे नेमकं काय सांगतात

४-२-३-१ म्हणजे चार डिफेंडर, दोन डिफेन्सिव्ह मिडफिल्डर, तीन अटॅकिंग मिडफिल्डर आणि एक स्ट्रायकर. गोलकीपर या बेरजेत धरत नाहीत. गेममध्ये याचे दोन प्रकार मिळतात. ‘वाइड’मध्ये तिघांपैकी दोघे टचलाइनजवळ, म्हणजे मैदानाच्या बाजूच्या रेषेजवळ, उभे राहतात. ‘नॅरो’मध्ये तिघेही आत, स्ट्रायकरच्या मागे. आपण बोलतोय ते नॅरोबद्दल.

इथे एक गोष्ट आधी समजून घेऊ. प्रत्यक्ष मैदानावर फॉर्मेशन म्हणजे अकरा माणसांनी आपसात केलेला करार. गेममध्ये तुमच्या हातात एका वेळी एकच खेळाडू असतो. बाकीचे कुठे थांबतील, कधी धावतील, कधी मागे येतील हे गेमच ठरवतो, तुम्ही आधी दिलेल्या सूचनांवरून. म्हणजे फॉर्मेशन हा तुमच्या हातात नसलेल्या दहा जणांसाठी लिहून ठेवलेला निरोप आहे. निरोप अर्धवट असेल तर ते दहा जण आपापल्या समजुतीने वागणार. पुढच्या तिघांना काहीच न सांगता नुसतं उभं केलं तर तिघेही एकाच चेंडूकडे सरकतात आणि एकमेकांच्या वाटेत येतात. ‘नॅरोमध्ये फार गर्दी होते’ अशी तक्रार ऐकू येते, तिचं मूळ बहुतेक वेळा इथे असतं.

दोन ओळींमधला पट्टा

आता मुख्य मुद्दा. मैदान साधारण १०५ मीटर लांब आणि ६८ मीटर रुंद असतं. समोरचा संघ बचावाला बसला की त्याच्या दोन ओळी तयार होतात: एक डिफेन्सची, एक मिडफिल्डची. या दोन ओळींमध्ये, पेनल्टी बॉक्सच्या जरा अलीकडे, एक पट्टा मोकळा राहतो. फुटबॉलचे अभ्यासक मैदानाचे अठरा चौकोन पाडतात आणि बॉक्सच्या समोरच्या मधल्या चौकोनाला ‘झोन १४’ म्हणतात. अटॅकिंग मिडफिल्डरचं घर ते.

तिथे आपला माणूस चेंडू घेऊन उभा राहिला की समोरच्या प्रत्येकापुढे अवघड प्रश्न पडतो. सेंटरबॅक त्याला अडवायला पुढे आला, तर त्याच्या पाठीमागे जागा पडते आणि आपला स्ट्रायकर तिथे घुसतो. सेंटरबॅक जागेवर थांबला, तर आपला माणूस वळतो, तोंड गोलकडे करतो, आणि मग शॉट घ्यायचा की पास द्यायचा हे तो ठरवतो. त्यांचा डिफेन्सिव्ह मिडफिल्डर मागे सरकून त्याला चिकटला, तर त्यांच्या मिडफिल्डमध्ये खिंडार पडतं आणि आपल्या मागच्या दोघांना निवांत चेंडू खेळवता येतो. तीनपैकी कुठलंही उत्तर दिलं तरी काहीतरी उघडं पडतंच. नॅरोमध्ये असे प्रश्न विचारणारे तीन जण असतात, आणि समोर ते सोडवायला सहसा एक किंवा दोनच डिफेन्सिव्ह मिडफिल्डर.

गेममध्ये ही अडचण आणखी वाढते. खऱ्या मॅचमध्ये अकरा डोकी एकाच वेळी विचार करतात. इथे समोरचा खेळाडू एका वेळी एकाच बचावपटूला हलवू शकतो. त्याने घाईघाईने सेंटरबॅक हातात घेतला आणि तुमच्या प्लेमेकरवर धावून आला, की त्याने आपल्याच भिंतीतली वीट काढून दिली. तुम्ही फक्त ती वीट निघेपर्यंत थांबायचं असतं. या थांबण्याविषयी पुढे बोलूच.

खऱ्या फुटबॉलमधलं उदाहरण हवं असेल तर २०१० च्या विश्वचषकातला जर्मनीचा संघ पाहा. पुढे क्लोझ, त्याच्या मागे मेसुत ओझिल, आणि ओझिलच्या मागे श्वाइनश्टायगर आणि खेदिरा. इंग्लंडविरुद्ध ब्लूमफाँटेनला त्यांनी ४-१ असा विजय मिळवला. चौथ्या गोलच्या वेळी ओझिल मधली जागा सोडून डावीकडे पळाला. त्याच्या मागे इंग्लंडचा मिडफिल्डर गॅरेथ बॅरी धावला, ओझिलने त्याला मागे टाकलं आणि चेंडू आडवा दिला, म्युलरने गोल केला. ज्याने मधली जागा राखायची तो टचलाइनकडे ओढला गेला होता. पुढे उपांत्य सामन्यात स्पेनने बुस्केट्स आणि शाबी अलोन्सो यांना मध्यात ठेवून हीच जागा बंद केली, ओझिलला वळायलाच मिळालं नाही, आणि स्पेनने तो सामना १-० असा जिंकला. फॉर्मेशनची ताकद आणि तिच्यावरचा उतारा, दोन्ही एकाच स्पर्धेत बघायला मिळतं.

तिघांना तीन कामं

‘एफसी २५’पासून गेममध्ये ‘एफसी आयक्यू’ नावाची व्यवस्था आली. प्रत्येक खेळाडूला एक रोल द्यायचा आणि त्या रोलचा फोकस, म्हणजे त्याचा कल कशाकडे राहील ते, ठरवायचा. अटॅकिंग मिडफिल्डरसाठी ‘प्लेमेकर’, ‘शॅडो स्ट्रायकर’, ‘हाफ विंगर’ आणि ‘क्लासिक १०’ असे रोल मिळतात. नावं दिसायला सजावटी वाटतात, पण प्रत्येकाची धाव वेगळी असते.

प्लेमेकर चेंडू मागायला येतो आणि जवळ राहतो. शॅडो स्ट्रायकर चेंडूपेक्षा मोकळ्या जागेकडे पळतो, बॉक्समध्ये घुसतो, जवळजवळ दुसरा स्ट्रायकरच होतो. हाफ विंगर सुरुवात आतून करतो आणि हल्ला चढला की बाहेर सरकतो. क्लासिक १० आपला पट्टा सोडत नाही.

माझी मांडणी अशी: मधल्याला प्लेमेकर, डावीकडच्याला हाफ विंगर, उजवीकडच्याला शॅडो स्ट्रायकर. एक जवळ येतो, एक लांब पसरतो, एक खोलात धावतो. तिघांना एकच रोल दिला तर समोरच्याला एकच उत्तर शोधावं लागतं. तीन वेगवेगळे रोल दिले की त्याला तीन उत्तरं शोधावी लागतात. रोल देताना खेळाडूच्या नावापुढे त्या रोलसाठी एक किंवा दोन अधिकची चिन्हं आहेत का हेही बघा. दोन असतील तर तो ती कामगिरी मनापासून करतो, नसतील तर धाव अर्ध्यातच सोडतो.

खेळाडू निवडताना लोक आधी एकूण रेटिंग बघतात. मधल्या माणसासाठी मी आधी व्हिजन, शॉर्ट पासिंग, बॉल कंट्रोल, अजिलिटी आणि कम्पोजर बघतो. वेग नंतर. दोन ओळींमधल्या त्या पट्ट्यात त्याला वीस मीटर पळायचं नसतं, दोन पावलांत वळायचं असतं. ‘एफसी २४’मध्ये प्लेस्टाइल्स, म्हणजे खेळाडूच्या खास कौशल्याच्या खुणा, आल्या. त्यांतली ‘इन्सिसिव्ह पास’ मधल्या माणसाकडे असेल तर त्याचा थ्रू बॉल, म्हणजे बचावामागच्या मोकळ्या जागेत टाकलेला पास, बचावातून नीट निघतो, आणि बाजूच्या एकाकडे ‘फिनेस शॉट’ असेल तर समोरचे बॉक्सच्या बाहेर त्याला मोकळा सोडायला धजत नाहीत.

मोबाइलवर ‘ईफुटबॉल’ खेळणाऱ्यांनाही हाच हिशेब लागू पडतो. तिथे ‘होल प्लेयर’ म्हणजे घुसणारा, ‘क्रिएटिव्ह प्लेमेकर’ म्हणजे जागा शोधत फिरून पास देणारा, ‘अँकर मॅन’ म्हणजे मागे थांबणारा. नावं वेगळी, कामाची वाटणी तीच.

चेंडू तिथपर्यंत पोचवायचा कसा

मधे उभं राहणं सोपं आहे, तिथे चेंडू मिळणं अवघड. आपल्या डिफेन्सिव्ह मिडफिल्डरकडून मधल्या प्लेमेकरला सरळ पास द्यायचा तर तो जोरात, जमिनीलगत हवा. प्लेस्टेशनच्या कंट्रोलरवर आर१ बटण धरून क्रॉस दाबलं की तसा पास जातो. नुसतं क्रॉस दाबलं तर पास सावकाश जातो आणि वाटेत कुणाचा तरी पाय लागतो.

पास पोचला की बरेच जण लगेच स्प्रिंट दाबतात. इथेच चेंडू जातो. स्प्रिंटमध्ये चेंडू पायापासून लांब सुटतो आणि या गर्दीच्या पट्ट्यात लांब सुटलेला चेंडू दुसऱ्याचाच. आर२, म्हणजे स्प्रिंटचं बटण, सोडा, डाव्या स्टिकने वळा, एक क्षण बघा. वर ज्या थांबण्याबद्दल म्हटलं ते हेच. बहुतेक वेळा या एका क्षणातच समोरचा सेंटरबॅक पुढे येतो.

वळता येत नसेल तर हट्ट करू नका. आलेला पास पहिल्याच स्पर्शात बाजूच्या अटॅकिंग मिडफिल्डरला द्या. त्याचं तोंड आधीच गोलकडे असतं. त्याने स्ट्रायकरला थ्रू बॉल टाकायचा, ट्रायँगलने. पहिल्याने दिला, दुसऱ्याने नुसता वळवला, तिसऱ्याने कापला. फुटबॉलमध्ये याला ‘थर्ड मॅन’ म्हणतात, तिसरा माणूस. बचाव करणाऱ्याची नजर पहिल्या दोघांवर असते, तिसरा मोकळा राहतो. नॅरो ४-२-३-१ मध्ये हे त्रिकोण तयारच असतात, शोधावे लागत नाहीत. म्हणून मला हे फॉर्मेशन इतकं आवडतं.

सोबत एल१ शिकून घ्या. चेंडू पायात असताना एल१ टॅप केलं की साथीदार पुढे धाव घेतो. एल१ धरून क्रॉस दाबलं तर पास देणारा स्वतः पळतो. शॅडो स्ट्रायकरची धाव आपोआप सुरू होईल म्हणून वाट बघत बसण्यापेक्षा ती आपण सुरू करून द्यावी. पण प्रत्येक पासला एल१ दाबायची सवय लागली की सगळे पुढे आणि मागे कुणीच नाही, अशी अवस्था येते. मग तो ०-२.

मागचे दोघे

१९८२ च्या विश्वचषकातला ब्राझीलचा संघ. मिडफिल्डमध्ये झिको, सॉक्रेटिस, फाल्काव आणि सेरेझो. इतकं सुंदर मिडफिल्ड क्वचितच एकत्र आलं असेल. ५ जुलैला बार्सिलोनात इटलीविरुद्ध त्यांना फक्त बरोबरी पुरेशी होती. ते ३-२ हरले, तिन्ही गोल पाओलो रोसीचे. त्यांतला दुसरा गोल आठवून बघा, किंवा आजच शोधून पाहा. सेरेझोने आपल्याच अर्ध्यात, मधोमध, एक आडवा पास दिला. रोसी मध्ये शिरला, चेंडू उचलला आणि थेट गोल केला. नंतर फाल्कावने २-२ अशी बरोबरी साधली तरी ब्राझील पुढेच जात राहिलं.

तो आडवा पास मी गेममध्ये शेकडो वेळा दिला असेन. दोन डिफेन्सिव्ह मिडफिल्डर शेजारी-शेजारी उभे असतात, त्यांच्यात पास देणं सुरक्षित वाटतं. पण तो तुटला तर दोघेही एकाच झटक्यात बाद होतात, आणि पुढचे तिघे व स्ट्रायकर तर आधीच चेंडूच्या पुढे असतात. उरले डिफेंडर, तेही वर सरकलेले. म्हणून या दोघांना कधी एका रेषेत ठेवायचं नाही. एकाला ‘होल्डिंग’ द्या, फोकस डिफेन्ड. तो सेंटरबॅकच्या पुढची जागा सोडत नाही. दुसऱ्याला ‘डीप-लाइंग प्लेमेकर’. तो जरा पुढे-मागे होत चेंडू घेतो. मग त्यांच्यातला पास आडवा न राहता तिरका होतो, आणि तिरका पास तुटला तरी एक जण चेंडूच्या मागे राहतो. होल्डिंगवाल्यामध्ये इंटरसेप्शन्स, स्टँडिंग टॅकल आणि ताकद बघा. दुसऱ्यात लाँग पासिंग.

आपल्याकडच्या फुटबॉलमध्ये हे चित्र फार छान दिसलं होतं. २०२०-२१ च्या इंडियन सुपर लीगचा सगळा हंगाम कोविडमुळे गोव्यात, रिकाम्या मैदानांवर खेळला गेला. प्रशिक्षक सर्जिओ लोबेराच्या मुंबई सिटीने त्या वर्षी लीग शील्ड (साखळी फेरीत पहिलं येणाऱ्याची) आणि ट्रॉफी दोन्ही जिंकल्या. पुढे ह्यूगो बूमूस दहा नंबरच्या, म्हणजे मधल्या अटॅकिंग मिडफिल्डरच्या, जागेवर, आणि त्याच्या मागे अहमद जाहू आणि गोव्याचा रॉलिन बोर्जेस. लोकांच्या लक्षात राहिला बूमूस आणि फातोर्ड्याच्या अंतिम सामन्यात एटीके मोहन बागानविरुद्ध शेवटच्या मिनिटाला बिपिन सिंगने केलेला विजयी गोल. मला मात्र जाहू आठवतो. खोलात उभा राहून तो मान वर करायचा आणि चाळीस-चाळीस मीटरचे पास टाकायचा. त्याच्यामुळे समोरच्यांना पुढे येऊन दबाव टाकायचा की मागे थांबून बूमूसला धरायचं, हे ठरवता यायचं नाही. ही लीग ‘फिफा २२’मध्ये (‘ईए स्पोर्ट्स एफसी’चं आधीचं नाव ‘फिफा’) पहिल्यांदा गेममध्ये आली, तेव्हा मी मुंबई सिटी घेऊन सगळ्यात आधी हीच मांडणी लावून पाहिली.

विंगा उघड्या आहेत, त्यांचं काय

नॅरोत टचलाइनला आपला कायमचा माणूस नसतो. हल्ल्यात रुंदी मिळते ती हाफ विंगरकडून आणि फुलबॅककडून, म्हणजे कडेच्या डिफेंडरकडून. हाफ विंगर डावीकडे पसरत असेल तर उजवीकडचा फुलबॅक ‘विंगबॅक’ करून वर पाठवा, आणि डावीकडच्याला मागेच ठेवा. दोन्ही फुलबॅक एकदम वर पाठवायचा मोह होतो. तो आवरा. एक वर, एक मागे, म्हणजे चेंडू गेला तरी मागे तिघे आणि समोर होल्डिंग मिडफिल्डर एवढा पहारा राहतो.

बचावात मात्र विंग थोडी देऊनच टाकावी लागते, आणि त्याला घाबरायचं कारण नाही. समोरचा विंगने येऊन क्रॉस टाकणार असेल तर उंच, दणकट सेंटरबॅक ते बघून घेतात. तो विंगवरून आत कापून आला, तर तो आपल्या दोन डिफेन्सिव्ह मिडफिल्डरच्या अंगावर येतो. त्याला तिथेच येऊ द्यायचं. फुलबॅक हातात घेऊन टचलाइनपर्यंत पाठलाग केला की फुलबॅक आणि सेंटरबॅक यांच्यात दार उघडतं.

विंगची काळजी फारच वाटत असेल तर वाइड प्रकार घ्या, किंवा उलट सगळं मधेच ठेवायचं असेल तर ४-१-२-१-२. म्हणजे डायमंड. प्रशिक्षक मोरिन्योच्या पोर्तोने २००४ ची चॅम्पियन्स लीग याच आकारात जिंकली. टोकाला डेको, तळाला कोश्तिन्या, अंतिम सामन्यात मोनॅकोवर ३-० असा विजय. गेममध्ये डायमंड वेगवान आणि मजेदार आहे, पण तळाला एकच माणूस असल्याने त्याची एक चूक महाग पडते. नव्या खेळाडूने आधी ४-२-३-१ वर हात बसवावा असं मी म्हणेन.

आणि आघाडी घेतल्यावर? सत्तराव्या मिनिटाला १-० असताना पुढचे तिघे तसेच ठेवू नका. डी-पॅडवर (कंट्रोलरच्या बाणांच्या बटणांवर) दुसरी टॅक्टिक आधीच तयार ठेवा. तीत शॅडो स्ट्रायकरचा प्लेमेकर करा, वर जाणारा फुलबॅक मागे ठेवा, डिफेन्सची रेषा जरा खाली आणा. तोवर तिघेही दमलेले असतात. दमलेला अटॅकिंग मिडफिल्डर वळताना चेंडू सोडतो, तेव्हा मधल्याला बदलून ताज्या दमाचा माणूस आणा.

पुढची मॅच खेळाल तेव्हा एकच गोष्ट करून बघा. चेंडू आपल्याकडून गेला की सेंटरबॅक हातात घ्यायचाच नाही. उजव्या स्टिकने थेट होल्डिंग मिडफिल्डरवर जा, एल२ धरून सावकाश मागे सरका, आणि त्यांच्या स्ट्रायकरकडे जाणाऱ्या पासच्या वाटेत उभे राहा. टॅकलची घाई करू नका. सुरुवातीला हात आपोआप सेंटरबॅककडे जाईल, दोन-तीन गोलही बसतील. पण दहा-बारा मॅचनंतर समोरचे लांब पास तुमच्याच माणसाच्या पायाशी येऊन थांबायला लागतील, आणि तिथून मधल्या प्लेमेकरचं अंतर फक्त एका जोरकस पासचं असेल.